पदवीच्या अलीकडे आणि पलीकडे : दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांतील शैक्षणिक विषमतेची चिकित्सा

प्रस्तावना

दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले आणि मराठी आत्मचरित्राच्या परंपरेला वेगळे वळण मिळाले. त्यानंतरच्या दशकात प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' व बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (दोन्ही १९८६) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने वाचकांसमोर आली. पुढे किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४), वसंत मून यांचे 'वस्ती' (१९९५) आणि ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) यांनी हा प्रवाह समृद्ध केला. यांतील अनेक पुस्तके विद्यापीठीय अभ्यासक्रमांत आली. त्यांतील वेदना, विद्रोह, बोलीचा वापर आणि अनुभवाची अस्सलता यांवर भरपूर लिहिले गेले.

या आत्मकथनांतील शिक्षणाविषयी मात्र एकच विधान वारंवार केले जाते. शिक्षणामुळे नायकाचा उद्धार झाला, हे ते विधान होय. वर्गातील व्याख्यानांत, परीक्षेच्या उत्तरांत आणि चर्चासत्रांतील निबंधांत ते इतके रुळले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज वाटेनाशी झाली आहे. विधान खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि अपुरेपणामुळे दिशाभूल करणारेही आहे. ही पुस्तके एका व्यक्तीच्या यशाची कहाणी म्हणून वाचली की ज्यांना शाळेचा उंबरठा ओलांडता आला नाही, ज्यांची शाळा मध्येच सुटली आणि ज्यांना पदवी मिळूनही तिचे मोल मिळाले नाही, अशी त्याच पुस्तकांतील माणसे वाचकाच्या दृष्टीआड होतात. प्रौढ माणसाच्या शिक्षणाची पातळी जातीनुसार का बदलते, या प्रश्नाचे उत्तर तर नेमके याच माणसांपाशी आहे. प्रस्तुत लेखात ही आत्मकथने त्या प्रश्नाच्या अंगाने तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

आकडे काय सांगतात आणि काय झाकतात

साहित्याकडे वळण्यापूर्वी आकड्यांची बाजू पाहणे आवश्यक ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राचा साक्षरतेचा दर ८२.३ टक्के होता. अनुसूचित जातींसाठी तो ७९.७ टक्के, तर अनुसूचित जमातींसाठी ६५.७ टक्के होता. देशपातळीवर हेच दर अनुक्रमे ७३.०, ६६.१ व ५९.० टक्के असे होते. महाराष्ट्रात अनुसूचित जाती आणि सर्वसाधारण लोकसंख्या यांच्यातील अंतर तीन टक्क्यांच्या आत आले, ही शतकभराच्या चळवळीची मोठी मिळकत आहे. अनुसूचित जमातींचे अंतर मात्र सोळा टक्क्यांहून अधिक राहिले.

जिल्हानिहाय आकडे पाहिल्यास वऱ्हाडाचे चित्र आणखी उजळ दिसते. अमरावती जिल्ह्याचा साक्षरतेचा दर त्या वेळी ८७ टक्क्यांवर आणि अकोल्याचा ८८ टक्क्यांच्या घरात होता. राज्याच्या सरासरीपेक्षा हे दोन्ही दर अधिक आहेत. तथापि धामणगाव रेल्वेसारखी लोहमार्गावरील, कापसाच्या बाजारपेठेमुळे वाढलेली आणि शाळा-महाविद्यालये असलेली गावे व मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याचे कोरकू पाडे एकाच जिल्ह्याच्या सरासरीत मोजले जातात. सरासरी उंच असल्याने तिच्या पोटातील दरी कमी होत नाही. ती केवळ दिसेनाशी होते.

याहून महत्त्वाची मर्यादा व्याख्येची आहे. जनगणनेत सात वर्षे व त्यावरील व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून वाचू-लिहू शकत असेल तर ती साक्षर गणली जाते. त्यामुळे तिसरीतील मूल, चौथीनंतर शाळा सोडलेली शेतमजूर स्त्री आणि विद्यावाचस्पती पदवी मिळवलेला प्राध्यापक हे तिघेही एकाच रकान्यात बसतात. साक्षरतेतील अंतर मिटत आल्याचे समाधान वाटत असतानाच विषमता एक पायरी वर सरकलेली असते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये १८ ते २३ वयोगटातील उच्च शिक्षणाचे ढोबळ नोंदणी प्रमाण देशात २८.४ होते, अनुसूचित जातींसाठी ते २५.९ आणि अनुसूचित जमातींसाठी २१.२ होते. हे प्रमाण केवळ नावनोंदणीचे आहे. पदवी पूर्ण होणे आणि त्या पदवीला फळ येणे या त्यानंतरच्या गोष्टी होत.

प्रौढांच्या शिक्षणाचा आकडा हा नेहमी भूतकाळाचा हिशेब असतो, हेही विसरून चालत नाही. २०११ साली साठ वर्षांची असलेली निरक्षर स्त्री ही १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात शाळेत न गेलेली मुलगी होय. तिला कोणी नाकारले, घरात त्या दिवशी कोणाची मजुरी हवी होती, शाळा किती कोस दूर होती, हे जनगणनेचा तक्ता सांगू शकत नाही. ते आत्मकथने सांगतात. म्हणून या पुस्तकांचे वाचन शैक्षणिक विषमतेच्या अभ्यासाला पूरकच नव्हे तर अपरिहार्य ठरते.

प्रवेश, टिकाव आणि फळ

या आत्मकथनांतील शिक्षणाचा प्रवास तीन टप्प्यांत विभागता येतो : शाळेत प्रवेश, शाळेत टिकाव आणि शिक्षणाचे फळ. प्रत्येक टप्प्यावर विषमता वेगळ्या मार्गाने काम करते.

प्रवेशाचा टप्पा वरवर पाहता सर्वांत सोपा वाटतो. सरकारी शाळेचे दार कायद्याने सर्वांना खुले होते. परंतु 'अक्करमाशी'त शाळेच्या पटावर नाव घालण्याचा साधा प्रसंगच मोठा पेच होतो, कारण मुलाच्या नावापुढे बापाचे नाव काय लावायचे हा प्रश्न उभा राहतो. सवर्ण पुरुषाने दलित स्त्रीपासून झालेल्या मुलाला नाव नाकारलेले असते आणि शाळेचा दाखला तर बापाच्या नावावाचून पुरा होत नाही. येथे शिक्षण नाकारणारा कोणी एक दुष्ट माणूस नाही. नोंदवहीचा एक रकाना पुरेसा आहे. कुटुंब, लिंगभाव आणि जात यांची सारी रचना त्या एका रकान्यात एकवटलेली आहे. 'उचल्या'मध्ये अडसर वेगळा आहे. ब्रिटिशांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतील मुलगा शाळेत जाऊ लागतो आणि वस्तीतील मुले आजारी पडताच त्याचा दोष त्याच्या शाळेत जाण्यावर येतो. समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना शाळेबाहेर ठेवले, त्यांच्या मनात शाळाच अशुभ ठरावी, ही बहिष्काराची सर्वांत खोल जखम आहे. तिला अंधश्रद्धा असे नाव देऊन मोकळे होणारी समीक्षा कारणाला परिणाम आणि परिणामाला कारण समजते.

टिकावाचा टप्पा हा मजुरीचा आणि बिऱ्हाडाचा प्रश्न आहे. 'उपरा'तील कैकाडी कुटुंब गाढवांच्या पाठीवर संसार लादून गावोगाव फिरते. मुक्काम बदलला की शाळा बदलते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, ते स्थिर वस्तीच्या माणसाला गृहीत धरूनच. 'आठवणींचे पक्षी'तील पोरका मुलगा बहिणीच्या आश्रयाने राहून शिकतो. भूक हा त्याच्या शाळेतील रोजचा विषय आहे. 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये तमाशाच्या बारीवर नाचणाऱ्या आईचा मुलगा वैद्यकीय शिक्षणापर्यंत पोहोचतो. पण घरातील स्त्रियांच्या कमाईवर उभ्या असलेल्या कुटुंबात त्याच्या शिक्षणाचा खर्च हा प्रत्येक वर्षी नव्याने लढवावा लागणारा वाद असतो. वऱ्हाडातील वाचकाला हे तर्कशास्त्र अपरिचित नाही. निंदणाचे दिवस, कापूस वेचणीचे दिवस आणि शाळेचे दिवस यांची गाठ पडली की मजूर घरातील मुलीची हजेरी प्रथम तुटते. एखादा पंधरवडा बुडतो, मग चाचणी बुडते, मग वर्ष बुडते. तक्त्यात त्याला गळती म्हणतात. या शब्दात एक सोय आहे : गळणारी वस्तू आपोआप गळते, तिला कोणी ढकललेले नसते.

टिकावाच्या प्रश्नावर महाराष्ट्राने शोधलेले सर्वांत प्रभावी उत्तर म्हणजे वसतिगृह होय. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालवले आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्थेची उभारणी केली, तेव्हा त्यांनी शाळेइतकेच महत्त्व राहण्या-जेवण्याला दिले होते. आत्मकथनांमध्ये वसतिगृहाचा प्रसंग वारंवार येतो तो याच कारणाने. तो केवळ पार्श्वभूमीचा तपशील नाही. नायक आणि त्याच्या मागे राहिलेली भावंडे यांच्यातील फरक अनेकदा बुद्धीचा नसतो. तो वसतिगृहातील एका जागेचा असतो. समीक्षेने हा फरक नोंदवला नाही तर यशाचे श्रेय जिद्दीला आणि अपयशाचे खापर आळसाला जाते.

फळाचा टप्पा कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मध्ये सर्वांत स्पष्टपणे येतो. नागपूरच्या दलित कुटुंबातील एक मुलगी संस्कृत शिकते. ज्या भाषेचे श्रवणही तिच्या पूर्वजांना वर्ज्य होते, त्या भाषेत ती एम.ए. होते. रूढ वाचनानुसार कहाणी येथे संपायला हवी. परंतु लेखिका येथे थांबत नाही. पदवी हाती असूनही अध्यापनाची नोकरी मिळत नाही. मुलाखतीत संस्कृत शिकवू पाहणाऱ्या दलित स्त्रीकडे कुतूहलाने आणि उपहासाने पाहिले जाते. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलते आणि त्यानंतर सरकारी महाविद्यालयात अधिव्याख्यातेपद मिळते. या नियुक्तीचे श्रेय माहेरच्या सोमकुवर या नावाला नसून पावडे या नावाला आहे, असा निष्कर्ष लेखिका स्वतः काढते. विवाहामुळे स्त्रीची जात बदलते या समजुतीचा लाभ तिला मिळाला. तिची जन्माची जात मात्र वंचितच राहिली. एकच स्त्री, एकच पदवी, तेच ज्ञान. बदलले ते केवळ आडनाव. समाजशास्त्रज्ञाला अशी तुलना करण्यासाठी शेकडो अर्ज गोळा करावे लागतील. येथे एका जीवनानेच ती केलेली आहे. शिक्षणामुळे उद्धार झाला हे विधान ज्या पुस्तकाच्या आधारे सर्वाधिक केले जाते, तेच पुस्तक त्या विधानाची मर्यादा दाखवते.

न शिकलेल्या प्रौढांचे कर्तृत्व

स्वतंत्र भारतात प्रौढ शिक्षणाचे अनेक कार्यक्रम झाले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशनची स्थापना झाली. २००९ ते २०१८ या काळात 'साक्षर भारत' राबवले गेले आणि २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच 'उल्लास', सुरू करण्यात आला. या सर्व कार्यक्रमांचे मोल नाकारता येत नाही. पण त्यांच्या भाषेत प्रौढ निरक्षर व्यक्ती ही 'लाभार्थी' असते. तिच्यात काहीतरी उणे आहे आणि ते भरून काढायचे आहे, अशी ती भूमिका आहे.

आत्मकथनांतील निरक्षर किंवा अल्पशिक्षित प्रौढ याहून फार वेगळा आहे. तो शिक्षण घेणारा नसला तरी शिक्षण घडवणारा आहे. 'आयदान'मध्ये पतीच्या निधनानंतर बांबूची आयदाने विणून मुलांच्या शाळेचा खर्च चालवणारी आई आहे. पुस्तकाचे नावच तिच्या हातातील कामावरून आले आहे. लेखिकेच्या लेखनाची वीण आणि आईच्या टोपलीची वीण एकच आहे, असे त्यातून सुचवले जाते. नरेंद्र जाधव यांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) या पुस्तकाचा गाभा मुंबईच्या गोदीत काम केलेल्या वडिलांनी निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून लिहिलेल्या आठवणींचा आहे. शाळेने ज्याला जवळजवळ काही दिले नाही असा माणूस उतारवयात लेखणी हाती घेतो आणि ते लेखन अर्थशास्त्रज्ञ मुलाच्या पुस्तकाचा पाया होते. येथे शिक्षणाचा प्रवाह मुलाकडून बापाकडे आणि पुन्हा बापाकडून मुलाकडे असा दोन्ही दिशांनी वाहतो.

बेबी कांबळे यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिक टप्प्यापलीकडे फारसे गेले नाही. फलटण येथे छोटेसे दुकान चालवताना पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या वर्तमानपत्रांचे कागद त्या वाचत राहिल्या आणि घरच्यांपासून लपवून अनेक वर्षे लिहीत राहिल्या. 'जिणं आमुचं' त्यातून सिद्ध झाले. कोणत्याही सर्वेक्षणात त्यांची शैक्षणिक पातळी 'प्राथमिक' अशीच नोंदवली गेली असती. मराठी गद्याला एक महत्त्वाचे पुस्तक देणाऱ्या स्त्रीचे मोजमाप करण्यास हा रकाना असमर्थ आहे. तथापि यावरून पदवी अनावश्यक आहे असा निष्कर्ष काढणे अनुचित ठरेल. त्यांना चोरून लिहावे लागले, हे त्या वंचिततेचेच माप आहे.

ऊर्मिला पवार यांनी नोकरी, संसार आणि मुले सांभाळत प्रौढ वयात पदवी व पदव्युत्तर शिक्षण घेतले. 'आयदान'मधील त्या शिक्षणाचे वर्णन वाचताना लक्षात येते की येथे अडसर जातीबाहेरचा नाही. तो घरातला आहे. पत्नीने अधिक शिकणे पतीला रुचत नाही. प्रौढ स्त्रीच्या शिक्षणातील विषमता जातीच्या एका अक्षावर मोजता येत नाही, हे या पुस्तकाने स्पष्टपणे मांडले. मराठीत १९८९ पासून कार्यरत असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या व्यवस्थेचे महत्त्व अशा स्त्रियांच्या संदर्भात विशेष जाणवते. त्याच्या कितीतरी आधी, १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळच्या वर्गांची सोय केली होती. प्रौढाच्या वेळेला शिक्षणाने जुळवून घ्यावे, हा विचार त्यामागे होता.

विदर्भापुरते पाहिल्यास वसंत मून यांचे 'वस्ती' या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. नागपूरच्या महार वस्तीचे हे चित्रण आत्मकथन असूनही त्याचा नायक 'मी' नाही. वस्ती हाच त्याचा नायक आहे. समता सैनिक दल, सभा, उत्सव आणि एकमेकांना सावरणारी माणसे यांतून एक अनौपचारिक शाळा उभी राहते. औपचारिक शाळेत न गेलेले प्रौढ या शाळेत शिकतात आणि मुलांना शाळेत पाठवण्याचा निर्धार तेथे घडतो. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या साक्षरतेचे अंतर कमी होण्यामागे सरकारी योजनांइतकाच हा निर्धार कारणीभूत आहे. वऱ्हाडाला तर हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. घरातील भांडी मोडावी लागली तरी चालेल पण मुलांना शिकवा, असे कीर्तनांतून सांगत फिरणारे गाडगेबाबा याच मातीतले. शाळा न शिकलेल्या या महापुरुषाचे नाव १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे देण्यात आले. या नावाचा अर्थ केवळ गौरवापुरता मर्यादित ठेवला जाऊ नये.

भाषेत उमटलेली दरी

या आत्मकथनांना केवळ सामाजिक दस्तऐवज मानले जाते, असा आक्षेप वाङ्मयीन समीक्षेकडून घेतला जातो. प्रस्तुत वाचनावरही तो घेता येईल. परंतु शैक्षणिक विषमता ही या पुस्तकांची केवळ सामग्री नाही. ती त्यांच्या भाषेची रचना आहे. यांतील बहुतेक पुस्तकांत निवेदकाची भाषा प्रमाण मराठीकडे झुकलेली असते आणि आई-बाप, आजी, शेजारी यांचे संवाद बोलीत येतात. निवेदक शिकला, ते शिकले नाहीत, हे वाक्यावाक्यातून वाचकाला जाणवत राहते. आईच्या तोंडचे वाक्य लिहिताना निवेदक दर वेळी दोन भाषांमधील, म्हणजेच दोन शैक्षणिक पातळ्यांमधील अंतर ओलांडत असतो. शिक्षणाने त्याला आईपासून दूर नेले आणि लेखनाने तो तिच्याकडे परत येतो. या साहित्यातील तणावाचे हे एक मुख्य केंद्र आहे.

स्त्रियांच्या आत्मकथनांत ही विभागणी बरीच पुसट होते. शांताबाई कांबळे या स्वतः शिक्षिका होत्या. प्रमाण भाषा त्यांनी वर्षानुवर्षे वर्गात शिकवली. तरीही पुस्तकाच्या शीर्षकात त्यांनी 'माज्या जल्माची' हेच रूप ठेवले. 'जिणं आमुचं' या शीर्षकात 'माझं' नाही, 'आमुचं' आहे. शिकलेल्या व्यक्तीने न शिकलेल्यांपासून स्वतःला वेगळे काढण्यास दिलेला हा नकार आहे. जाधवांच्या शीर्षकातील 'आन्' हे एक लहानसे अव्ययही तेच सांगते. वाङ्मयीन समीक्षेने शैलीचे विवेचन करताना हा सामाजिक अर्थ वगळला तर शैलीचे विवेचनही अपुरे राहते.

अमेरिकेतील वंशभेदाशी तुलना

जातीय व वांशिक विषमतेची तुलना महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले.

शिक्षणाच्या संदर्भात ही तुलना दोन प्रकारे उपयुक्त ठरते. पहिली बाब साम्याची आहे. अमेरिकेच्या जनगणना विभागानुसार २०२२ मध्ये पंचवीस वर्षांवरील व्यक्तींमध्ये किमान पदवीधरांचे प्रमाण हिस्पॅनिकेतर श्वेतवर्णीयांत ४१.८ टक्के, कृष्णवर्णीयांत २७.६ टक्के आणि हिस्पॅनिकांत २०.९ टक्के होते. गुलामगिरी संपून दीडशे वर्षे लोटली, शाळांतील वर्णविभाजन १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवले, तरी प्रौढांच्या शिक्षणातील दरी कायम राहिली. कायद्याने दार उघडल्याने अंतर आपोआप मिटत नाही, हा या आकड्यांचा धडा आहे. शिक्षणाच्या स्वरूपाविषयीचा वादही दोन्हीकडे समांतर दिसतो. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी हातातील कौशल्यावर भर दिला, तर ड्युबॉइस यांनी उच्च शिक्षणाचा आग्रह धरला. महाराष्ट्रात फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली आणि शेतकऱ्यांच्या करातून वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चावर टीका केली. आंबेडकरांनी उच्च शिक्षणाची केंद्रे उभारली. फुले आणि आंबेडकर यांच्या भूमिका परस्परविरोधी नव्हत्या. एकाने प्रवेशाचा आणि दुसऱ्याने फळाचा टप्पा हाती घेतला, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

दुसरी बाब भेदाची आहे. अमेरिकेतील दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामांना वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मचरित्रात अक्षरे चोरून शिकण्याचा वृत्तांत आहे. तेथे शत्रू उघड आणि ओळखता येणारा आहे. 'अक्करमाशी'तील नोंदवहीचा रकाना किंवा 'अंतःस्फोट'मधील मुलाखत यांत असा शत्रू दाखवता येत नाही. येथे नियम सर्वांसाठी समान असतात; निकाल मात्र वेगळा येतो. म्हणून मराठी आत्मकथनांच्या समीक्षेला अन्यायाच्या उघड प्रसंगांपेक्षा साध्या, रोजच्या, नियमानुसार घडणाऱ्या प्रसंगांकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

आत्मकथनाची मर्यादा

येथवरच्या विवेचनाला एक मूलभूत मर्यादा आहे. आत्मकथन लिहिण्यासाठी लिहिता यावे लागते, आणि प्रकाशकापर्यंत पोहोचावे लागते. हा वाङ्मयप्रकार स्वभावतःच पोहोचलेल्यांचा आहे. ज्यांची शाळा दुसरीत सुटली त्यांनी आत्मकथन लिहिले नाही. त्यामुळे लिहिल्या गेलेल्या आत्मकथनांवरून एखाद्या समाजाच्या शिक्षणाविषयी निष्कर्ष काढणे हे उत्तीर्णांच्या यादीवरून वर्गाचा निकाल ठरवण्यासारखे आहे.

मेळघाटातील कोरकूंच्या संदर्भात ही मर्यादा तीव्रतेने जाणवते. कोरकू ही मुंडा भाषाकुळातील भाषा आहे. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. कोरकू मूल पहिलीत येते तेव्हा त्याला अक्षरांबरोबरच एक परकी भाषाही शिकावी लागते. दलित आत्मकथनांतील बोली आणि प्रमाण भाषा यांतील अंतर एकाच भाषेच्या पोटातील होते. येथे ते दोन भाषाकुळांमधील आहे. विदर्भातील आदिवासींच्या संवेदनेला भुजंग मेश्राम यांच्या कवितेने मराठीत समर्थ शब्दरूप दिले, परंतु 'उचल्या' किंवा 'उपरा' यांच्या तोडीचे कोरकू आत्मकथन मराठी अभ्यासक्रमाच्या परिचयाचे नाही. साक्षरतेच्या तक्त्यातील सोळा टक्क्यांची दरी आणि अभ्यासक्रमातील ही रिकामी जागा या एकाच वास्तवाच्या दोन बाजू आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. दलित व भटक्या-विमुक्तांची आत्मकथने ही व्यक्तीच्या शैक्षणिक यशाची कहाणी सांगतात, त्याचबरोबर प्रवेश, टिकाव आणि फळ या तिन्ही टप्प्यांवर काम करणाऱ्या विषमतेची साक्षही देतात. त्यांतील न शिकलेले प्रौढ हे शिक्षणाचे वंचित आहेत तसेच त्याचे कर्तेही आहेत. ही विषमता त्यांच्या भाषेच्या घडणीतही उमटली आहे. तसेच जे समाज या वाङ्मयप्रकारात अद्याप बोललेले नाहीत त्यांचे मौन हाही समीक्षेचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात ज्या विद्यार्थ्यांपुढे ही पुस्तके शिकवली जातात, त्यांतील अनेक जण घरातले पहिलेच पदवीचे विद्यार्थी असतात. जिद्द असेल तर शिक्षण मिळते, हेच एक तात्पर्य त्यांच्या हाती दिले, तर ज्याला दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडावे लागते तो स्वतःच्याच जिद्दीला दोष देत जातो. पावडे, पवार, लिंबाळे आणि कांबळे यांनी हे सांगण्यासाठी लिहिले नव्हते. यशस्वी नायकाच्या शेजारी उभी असलेली, शाळा सुटलेली बहीण त्यांनी आपल्या पुस्तकांत जपून ठेवली आहे. अध्यापकाने पाठ घेताना तिच्यापाशी थांबावे, ती का थांबली हे विचारावे आणि तो प्रश्न विद्यार्थ्यांना आपल्या घराविषयी, आपल्या आईविषयी विचारता यावा, एवढी जागा वर्गात ठेवावी. या पुस्तकांचे अध्यापन त्याशिवाय पुरे होत नाही.